एकाच नंबराची बंदूक

२ सप्टेंबर १९७५, मंगळवार

आलो एकदाचा. बसने ड्रेनोवाच्या फाट्यावर टाकलं आणि पळाली. पुढचा चढ पेटी खांद्यावर घेऊन मीच चढलो. सहासष्टाव्या वर्षी. दोनदा थांबलो, तेसुद्धा पेटीची कडी सैल झाली म्हणून. दमलो म्हणून नाही.

ही वही तिहोमिरने दिली. तिहोमिर म्हणजे इथल्या शिकारी मंडळाचा अध्यक्ष, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. म्हणाला, मिस्त्री, मंडळाचा नियम आहे, घर सांभाळणाऱ्याने रोज काय झालं ते लिहायचं. मी म्हटलं, चार यत्ता शिकलोय, सुबक अक्षर मागू नकोस. तर म्हणे, आधीचा राखणदार वर्षभर नुसता वारा कुठून आला एवढंच लिहायचा, तुझं निदान वाचता तरी येऊ दे.

घर झकास आहे. दगडी जोतं, वर लाकूड, भिंतीवर हरणांची शिंगं, मोठी शेगडी. मागे काम करायला बाक आहे आणि त्याला शिकंजासुद्धा. मला आणखी काय पाहिजे? सगळ्या गावात मिरच्या भाजतायत, त्या वासाने भूक लागते. कोसाराने पाव, काय्माक म्हणतात ती घट्ट साय आणि आलुबुखारचा मुरंबा आणून ठेवला होता. ती माझी नात. इथल्या दोन खोल्यांच्या शाळेत मास्तरीण आहे. आई-बाप नाहीत, मीच वाढवली. २८ तारखेला, रविवारी, तिचं लग्न. नवरा मुलगा स्रेतेन, ह्याच तिहोमिरचा पोरगा. नवरीचं घर म्हणजे हे, मंडळाचं घर. इथूनच तिला न्यायची. म्हणून तर मी शहरातली खोली सोडून आलो.

बस. आजचं एवढं पुरे.

४ सप्टेंबर

शेगडीच्या वर एक जर्मन बंदूक टांगलेली आहे. लढाईतली. आज खाली काढली.

आता ह्या बंदुकांचं मला कोणी सांगू नये. लढाईनंतर बावीस वर्षं लष्कराच्या दुरुस्ती कारखान्यात हेच केलं. जर्मन पळाले, हजारो बंदुका टाकून गेले, त्या आम्ही सरळ केल्या. ह्या बंदुकीची गंमत अशी की प्रत्येक भागावर एकच नंबर ठोकलेला असतो. नळीवर, कड्यावर, दस्त्याच्या पत्र्यावर, बारक्या स्क्रूवरसुद्धा शेवटचे दोन आकडे. सगळे नंबर एक आले तर बंदूक पुरी. आमच्याकडे तीन मोडक्यांची एक व्हायची, मग जुने नंबर घासायचे आणि नवा ठोकायचा. माझं काम तेच. आकड्यांचे ठसे आणि हातोडी. दिवसाला चाळीस बंदुका.

हिच्यावर सगळीकडे २८०९ आहे. फक्त बोल्टवर, म्हणजे मागे ओढायच्या दांडीवर, ६१७३. दुसऱ्याच बंदुकीचा बोल्ट बसवलाय. बसतो, पण ओढताना कुरकुरतो. असलं अर्धवट काम बघितलं की माझ्या हाताला खाज सुटते.

खालच्या खणात तिचं थोडं सामान आहे. साफसफाईची पत्र्याची डबी, तिच्यात साखळी, दोन ब्रश, तेलाची कुपी. नळीच्या तोंडावर घालायचं टोपण. आणि काडतुसांची एक पट्टी. पट्टी पाचाची असते, हिच्यात तीनच आहेत, हिरवी पडलेली. कातडी पट्टा नाही, गाईचं दावं बांधलंय. कंबरेची काडतुसांची पाकिटंही नाहीत.

२८०९. अठ्ठावीस, नऊ. कोसाराच्या लग्नाची तारीख! मी एकटाच हसलो. शकुनबिकुन मी मानत नाही, पण मानत असतो तर ह्याहून चांगला कुठला?

६ सप्टेंबर

शेजारची देसांकाबाई दूध घेऊन आली. सत्तरीची विधवा, काळा रुमाल, जीभ वस्तऱ्यासारखी. बंदूक बाकावर बघितली तशी दारातच थांबली. म्हणाली, मिस्त्री, तिला पुसा, तेल लावा, लग्नात सफरचंद पाडायला द्या, पण तिचा बोल्ट बदलू नका.

सफरचंदाचं तर मला माहीत आहेच. नवरीच्या घरावर उंच काठीला सफरचंद बांधायचं, नवऱ्याकडच्यांनी ते गोळीने पाडायचं, त्याशिवाय नवरी दाराबाहेर येत नाही. ह्या गावात ते काम ह्याच बंदुकीने करतात. काडतुसं मंडळाची. पट्टीतल्या तिन्हींना कोणी हात लावत नाही म्हणे.

मी विचारलं, का नको बदलू? तर बाई बसली आणि सांगायला लागली. एकेचाळीस साली जर्मनांनी गावातले पुरुष शाळेपुढे उभे केले. एका शिपायाला पाच माणसं वाटून दिली. घोटाळा नको, एकावर दोघांची गोळी वाया जायला नको, म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर खडूने नंबर लिहिला. ज्या बंदुकीची माणसं, त्या बंदुकीचा नंबर. दुपारी शाळेची घंटा वाजली की सुरू. तिच्या नवऱ्याच्या पाठीवर २८०९ होता. ह्या बंदुकीने दोन मारले, तेवढ्यात डोंगरावरून आपल्या लोकांनी गोळीबार केला आणि उरलेले तिघं पळाले. तिचा नवरा त्या तिघांतला. चव्वेचाळीसला जर्मन गेले तेव्हा ती बंदूक त्यानेच आणली आणि लोहाराकडून तिचा बोल्ट बदलून घेतला. दोन बंदुकांची एक केली की तिला स्वतःचं नाव राहत नाही, असं तो म्हणायचा.

मी म्हटलं, देसांकाबाई, लोखंडाला नाव नसतं, नंबर असतो. ती म्हणाली, तेच तर सांगतेय मेल्या.

एवढा बाऊ कशाला ते मला कळत नाही. दूध चांगलं होतं.

८ सप्टेंबर, सोमवार

केलं. ६१७३ कानसीने घासून टाकला. ठसे पेटीतून काढले. हात अजून बसलाय का ते बघायला आधी पत्र्याच्या पट्टीवर दोनदा ठोकून बघितलं, २८०९, २८०९. ओळ सरळ आली. मग बोल्टवर. चार ठोके. बोल्ट आत घातला आणि ओढला. कुरकुर गेली. लोण्यासारखा सरकला. नुसता आकडा बदलल्याने कुरकुर जायला नको होती खरं तर. पण गेली.

आता पुरी झाली. सगळे नंबर एक.

पत्र्याची पट्टी फुकट घालवायची नाही. पोस्टमन माक्सा आला होता. त्याच्या बुटाची टाच तोंड वासून बसलेली. अर्धी पट्टी तिथे ठोकून दिली. माक्सा म्हणजे तोंडाळ प्राणी. म्हणाला, म्हाताऱ्या, आता घोड्यासारखा टापा वाजवत येईन, तुझं पेन्शन आलं की लांबून ऐकू येईल. मी म्हटलं, घोडा कामाचा असतो. तो पायऱ्या उतरेपर्यंत हसत होता. राहिलेली अर्धी देसांकाबाईच्या दुधाच्या किटलीच्या बुडाला आतून डाग दिली. गळत होती.

संध्याकाळी कोसारा अंगठ्या घेऊन आली. माझी आणि तिच्या आजीची, लग्नातल्या, त्याच ह्या दोघांना देतोय. म्हणाली, आजोबा, आत तारीख ठोकून दे ना, तू कसा झकास ठोकतोस. सोनाराकडे जायचं तर अख्खा दिवस शहरात जातो. मी तेच बारके ठसे घेतले. दोन्ही अंगठ्यांच्या आत, २८०९. तिने लगेच तिची बोटात घातली. किती हसली! तिच्या आजीसारखीच हसते.

११ सप्टेंबर

माक्सा मेला.

दुपारी अक्रोडाच्या झाडांपाशी रस्त्यावर पडलेला सापडला. पाठीत गोळी, बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये. पोलीस आले, म्हणाले डुकराच्या शिकारीतली चुकलेली गोळी असेल, तपास करू. तिहोमिर सगळ्या शिकाऱ्यांवर ओरडत सुटलाय. कोणी कबूल होत नाही.

थैलीतली पत्रं वाऱ्याने शेतात पसरलेली. मी गोळा केली. माझं पेन्शनही त्यातच होतं.

घरी आल्यावर बंदुकीकडे सहज बघितलं. नळीच्या तोंडावर काळं. बोल्ट ओढला तर आतून रिकामं काडतूस उडून पायाशी पडलं. कोमट होतं. खणाला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. काडतुसांच्या पट्टीत दोनच राहिलीत.

घर उघडंच असतं. कोणीतरी आलं असणार.

पण कुलूप?

मी नळी साफ केली. लपवायला नाही. बावीस वर्षांची सवय. बंदूक चालली की साफ करायची.

१३ सप्टेंबर

देसांकाबाई आली होती. दूध ठेवलं, भिंतीकडे गेली, चष्मा लावून बोल्ट बघितला. थुंकली. माझ्या जमिनीवर.

काही ओरडली नाही, तेच वाईट वाटलं. म्हणाली, तीन राहिले होते मिस्त्री. त्या पाचातले तीन. तुम्ही तिला तिचं नाव परत दिलंत, आता ती मोजायला बसलीय. मी म्हटलं, माक्साच्या पाठीवर कुठे होता नंबर? खडूने कोणी लिहिला का? विचार करत गेली. जाताना सांगून गेली, ज्याच्या अंगावर आकडा असेल तो तिचा, एवढं लक्षात ठेवा.

म्हातारी आहे. एकटी राहते. असल्या बायकांना रात्रंदिवस तेच.

टाचेतल्या पट्टीची आठवण मला ती गेल्यावर झाली. तिला हाक मारायला दारात गेलो. फाटकापर्यंतच गेली होती. मारली नाही. काय सांगणार होतो?

१५ सप्टेंबर

कोसारा ठसे मागून घेऊन गेली. आणि उरलेला पत्रा. मी विचारलं, कशाला? तर म्हणे, सांगणार नाही, गंमत आहे, २८ तारखेला कळेल. शाळेतल्या मुलींना हाताशी घेऊन काहीतरी करतेय. स्रेतेन बाहेर उभा होता, त्याला डोळा मारून गेली.

तो पोरगा चांगला आहे. माझी लाकडं फोडून दिली न सांगता. तिहोमिरसारखा बडबड्या नाही. मला आत्तापासूनच आजोबा म्हणतो, वर विचारतो, आजोबा, माझी गोळी पहिल्याच फटक्यात लागेल ना, नाहीतर ही मास्तरीण मला जन्मभर नापास करेल.

१७ सप्टेंबर

आज दुपारी. शाळेची घंटा वाजली त्याच वेळी.

देसांकाबाई दूध घेऊन माझ्याकडेच येत होती. मी खिडकीत होतो. बघितलं. आत येऊन फाटक लावायला वळली, पाठ माझ्याकडे झाली आणि पुढे पडली. आवाज माझ्या डोक्यावरून आला. भिंतीवरून. बंदूक खुंटीवरच. तिच्या तोंडातून धूर येत होता. खिडकीच्या काचेला भोक.

दूध उतारावरून वाहत गेलं. मग त्याचा रंग बदलला.

मी आधी काच बदलली. मग नळी साफ केली. मग पोलिसांना बोलवायला गेलो. ह्या क्रमाने. लिहून ठेवतोय कारण खोटं लिहायची मला सवय नाही. पोलीस म्हणाले, पुन्हा तेच शिकारी. तिहोमिर रडला. ती त्याला लहानपणी सांभाळायची म्हणे.

किटली मीच उचलली. बुडाला आत हात घातला. बोटाला लागला. २८०९.

पट्टीत एकच आहे.

१८ सप्टेंबर

मूर्खासारखं बसून चालत नाही. बोल्टवरचा नंबर कानसीने घासला. सकाळी परत होता. आहे तसाच, चार ठोके, माझ्याच हाताचे. मला कळायला हवं होतं. ठसा मारला की खालचं लोखंड दबतं. वरचं घासून जातं, आतलं दबलेलं राहतं. कारखान्यात आम्ही ॲसिड लावून घासलेले नंबर वर काढायचो. धातू विसरत नाही.

बोल्ट काढून गिरणीच्या ओढ्यात टाकला. दुपारी बंदुकीत होता. थेंब गळत होते.

तिसरं काडतूस मळ्यात पुरलं. खणात आहे.

आणि अंगठी —

१९ सप्टेंबर

शाळेत गेलो. कोसाराला बाहेर बोलावलं, सगळं सांगितलं. पहिल्यापासून. ती हसली. मग माझं तोंड बघून थांबली आणि जवळ घेतलं मला. म्हणाली, आजोबा, देसांकाआजीचं तुला लागलंय. भूतबित काही नसतं, हे मला कोणी शिकवलं? तूच ना? मला अंधाराची भीती वाटायची तेव्हा तू काय म्हणायचास, की कंदील लाव आणि बघ, नाहीतर गप झोप.

मी शिकवलं. बरोबर आहे.

अंगठी काढ म्हटलं. निघेना. मुरंबा ढवळून बोट सुजलंय. मी पक्कड घेऊनच गेलो होतो. तिचं बोट धरलं आणि कापली. ती किंचाळली, दुखलं म्हणून नाही, आजीची होती म्हणून. मुली खिडकीतून बघत होत्या.

अंगठीखालच्या कातडीवर आकडे उमटलेले. उलटे. पण तेच.

ती म्हणाली, जाईल ते दोन दिवसांत, पण तू माझ्याशी बोलू नकोस आता.

२० सप्टेंबर

विचार केला. शांतपणे.

हिला पाच पाहिजेत. दोन एकेचाळीसला. माक्सा. देसांका. एक उरला. पाच भरले की शिपाई बंदूक खाली ठेवतो. म्हणजे एकच. मग संपलं. कोणीतरी एक. तो कोसारा नसला की झालं.

गाव एवढं मोठं आहे.

माझ्यावर आकडा ठोकून घेईन म्हटलं. अंगठीचाच तुकडा घेतला, मुठीत धरून बंदुकीपुढे उभा राहिलो, पाठ करून, घंटा वाजेपर्यंत. वाजून संपेपर्यंत. काही नाही. मग समजलं. मी तिचा मिस्त्री. मी ठोकतो. मिस्त्रीला कोणी मारत नाही.

ठसे कोसाराकडे आहेत. बरंच आहे. माझ्या हातात नकोत.

दुसरी अंगठी माझ्याकडेच आहे. स्रेतेनची.

२१ सप्टेंबर, रविवार

स्रेतेन लाकडं फोडायला आला होता. त्याला आत बोलावलं, राकिया दिली, घरची दारू. म्हटलं, ही तुझी अंगठी, लग्नाची वाट कशाला बघतोस, आत्ताच घाल, तिच्या मनाला बरं वाटेल, ती माझ्यावर रागावलीय. त्याने घातली. माझ्या हाताचं चुंबन घेतलं. म्हणाला, आजोबा, मला आजोबा नव्हता, एकेचाळीसला शाळेपुढेच मारला गेला, तुम्ही मिळालात.

घट्ट बसते ना म्हणून मी खात्री करून घेतली. फिरवून बघितली.

चांगला पोरगा आहे. पण चांगले पोरगे आणखी मिळतील. कोसारा एकच आहे. वर्षभर रडेल. मग गप होईल. मी तिच्या आईच्या वेळी गप झालो तसा.

हे फाडून टाकायला पाहिजे.

२४ सप्टेंबर

तो जिवंत आहे.

रोज घंटा झाली की मी खिडकीत. रोज तो ओढ्याकडून शीळ घालत येतो. अंगठी बोटात. पट्टीत एक. तसंच.

कोसाराच्या बोटावरचं जात नाही. काल कुंपणावरून बघितलं. तिने हात मागे घेतला.

कशासाठी थांबलीय ही?

२५ सप्टेंबर

तिहोमिरकडे गेलो. लग्न पुढे ढकल म्हटलं, गावात दोन मृत्यू झालेत. तो म्हणाला, मिस्त्री, ते आपले नातेवाईक नव्हेत, डुकरं कापून झाली, तीन गावांना बोलावणं गेलं. मग म्हटलं, निदान दुसरी बंदूक घे सफरचंदाला. तर चिडला. माझ्या लग्नात हीच, माझ्या पोराच्याही लग्नात हीच. तू तर तिला एकदम एक नंबर करून ठेवलीस, ओढून बघितली मी, लोणी! आणि हसून खांद्यावर थाप मारली. म्हणाला, तुझ्यासाठीही एक भेट ठेवलीय, बघशील.

सांगायचा प्रयत्न केला. तुझ्या पोराला मी —

२७ सप्टेंबर

आज बंदूक नेली. तिहोमिरची माणसं. खणातली पट्टीही. मी किल्ली दिली नाही तर त्यांनी हसत खण उचकटला. म्हातारा बंदुकीच्या प्रेमात पडलाय म्हणाले.

भिंतीवर तिची जागा पांढरी. बंदुकीच्या आकाराची.

चला. उद्या एक गोळी. पोराच्या बोटात अंगठी. तिला जे घ्यायचं ते घेईल. मग —

मग संपलं.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळ

छपरावर काठी. सफरचंद मीच बांधलं. लाल.

कोसारा बोलली माझ्याशी. पांढऱ्या कपड्यात. म्हणाली, आज रागावायचं नाही असं ठरवलंय. तिच्या आजीसारखी —

लांबून वाजंत्री. येतायत. मी इथे खिडकीत बसून लिहितोय.

थोड्या वेळाने

आले. फाटकापाशी उभे. साठ माणसं असतील. स्रेतेन पुढे. बंदूक त्याच्या हातात.

बंदुकीला कातडी पट्टा आहे. नवं तेल. दावं नाही. स्रेतेनच्या कंबरेला काडतुसांची पाकिटं. दोन्ही. काळी, चकचकीत. तिहोमिर ओरडून सांगतोय सगळ्यांना. माळ्यावर सापडली, चव्वेचाळीसपासून होती, भरलेलीच, मिस्त्रीसाठी भेट, आता हिचं सगळं सामान पुरं झालं. पाकिटाची झडप उलटवून दाखवतोय. आत ठोकलेलं आहे. इथून वाचता येत नाही. वाचायची गरज नाही.

दोन पाकिटं. सहा कप्पे. कप्प्यात दोन पट्ट्या. पट्टीत पाच.

साठ.

पण आकडा एकाच्याच अंगावर आहे. स्रेतेनच्या. एकाच्या. पाच भरले की —

शाळेतली मुलगी आली. माझ्या छातीवर रोझमेरीची डहाळी लावून गेली. सगळ्या पाहुण्यांना लावतात तशी. तिहोमिरच्या दारातच प्रत्येकाला लावली आज. डहाळीखाली काहीतरी कडक. थंड.

पत्र्याचा बिल्ला.

उलटा केला.

कोसारा बघत होती. हसत होती. म्हणाली, आजोबा, हीच गंमत! प्रत्येक पाहुण्याला लग्नाची तारीख. साठच्या साठ आम्हीच ठोकले. बघ, ओळ सरळ आलीय ना, तुझ्यासारखी?

सरळ आलीय.

सगळ्यांच्या छातीवर. तिहोमिर. वाजंत्रीवाला. त्या मुली. सगळे —

कोसाराच्या डोक्यावरच्या पांढऱ्या जाळीलाही बिल्ला शिवलाय. ओढतोय, निघत नाही. ती ओरडतेय, आजोबा काय करतोस, लोक बघतायत —

शाळेची घंटा. आज रविवार. घंटा वाजवणारी मास्तरीण, कोसारा, माझ्यापुढे उभी आहे.

स्रेतेनने नेम धरला. सफरचंदावर. हसतोय. आता हसत नाही. म्हणतोय आजोबा ही माझ्या हातात थांबत नाही, आजोबा, धरा हिला —

नळी खाली येतेय. काठीवरून छपरावर. छपरावरून खिडकी. कोसाराला मी माझ्या मागे ओढतोय, ती हिसका देऊन वळली —

पण तिची पाठ आता खिडकीकडे